काट्यावरच्या गाड्या आधी विचारणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार.

त्या दिवशी आमच्या सॉफ्टवेअरचं दुखणं तुम्ही फोनवरूनच शोधून दिलंत, पण फोन ठेवताना आभार मानायचे राहूनच गेले. गळा दाटून आला होता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितो आहे.

वणीकडच्या आमच्या जिनिंगवर (कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात) लाइट गेली, यूपीएसची बॅटरी उतरली की सर्व्हर आपोआप बंद व्हायचा. लाइट आल्यावर ऑपरेटर लॉगिन दिसायचा, पण काटापट्टी (गाडीच्या वजनाची पावती) सेव्ह करायला गेलं की नल पॉइंटर एक्सेप्शन, म्हणजे जिथं काही हवं तिथं रिकामं सापडल्याची एरर! ज्यांनी सॉफ्टवेअर बनवून दिलं त्यांचं एकच पालुपद, "पुन्हा लॉगिन करा." अर्धी भरलेली पट्टी जायची त्याचं काय? मग रॅम वाढवायला लावली, पैसे घेतले आणि शेवटी फोन उचलणंच सोडलं.

तुम्ही एररचं नावही ऐकून न घेता आधी विचारलंत, "काट्यावर गाड्या किती उभ्या आहेत?" आणि म्हणालात, "वजनं कागदावर उतरवा, माणसांना मोकळं करा. मी फोनवरच आहे." पहाटेपासून थंडीत कुडकुडत असलेल्या शेतकऱ्यांचा विचार त्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत तोवर कुणी केला नव्हता, दादा. तुम्ही तर आमचं गावही पाहिलेलं नाही. नेट बंद होतं, तर मी लॉग (सर्व्हरच्या नोंदी) वाचायचो आणि तुम्ही एकेक ओळ वहीत लिहून मला परत वाचून दाखवायचा. कुठं घाई नाही, "एवढंही कळत नाही का" असा सूर नाही.

दुखणं सापडलं ते असं : टॉमकॅट, म्हणजे ज्यावर आमचं सॉफ्टवेअर चालतं तो सर्व्हर, नीट बंद होताना सेशन (लॉगिन केलेल्या माणसाचं चालू काम) सिरियलाइज करून, म्हणजे लिहून ठेवता येईल अशा रूपात, फाइलीत ठेवतो. सेशनमधल्या पट्टीच्या ऑब्जेक्टला (माहितीच्या गठ्ठ्याला) स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कची सर्व्हिस, म्हणजे काम करणारा कोडचा भाग, जोडलेली. "नॉट सिरियलायझेबल", म्हणजे ही फाइलीत लिहिता येत नाही, ही ओरड थांबावी म्हणून कुणीतरी तिच्यापुढं ट्रान्झियंट ("हे फाइलीत लिहू नका" अशी खूण) लिहून मोकळं झालेलं. मग ती फाइलीत जातच नाही. परत येताना ऑब्जेक्ट जावा स्वतःच उभा करते, स्प्रिंगला त्याचा पत्ता नसतो, अन् सर्व्हिसच्या जागी नल. "सेशनमध्ये वजन, भाव, नाव एवढंच ठेवा, सर्व्हिस कंट्रोलरमध्ये, म्हणजे आलेली कामं हाताळणाऱ्या कोडमध्ये, राहू द्या," हे तुम्ही आमच्या ऑपरेटरलाही समजेल असं सांगितलंत.

हाताला ज्ञान असलेली माणसं पुष्कळ भेटली. समोरच्याची अडचण आपली मानणारी फार थोडी, आणि अशांच्याच भरवशावर खेड्यातली कामं चालतात.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. पत्ता तेवढा कळवा, घरची तूरडाळ पाठवतो. तिला मात्र नाही म्हणू नका.

तुमचा,
जिनिंगवरचा कॉम्प्युटरवाला