पोर्टफोलिओची वेबसाइट: सुरुवातीच्या दरापुढचे प्रश्न

संपादक महाशय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वृत्तपत्राच्या घडीतून एक गुळगुळीत पत्रक आमच्या स्टुडिओत येऊन पडले. ‘फोटोग्राफर बंधूंसाठी खास सवलत, स्वतःची वेबसाइट, अमर्यादित जागा, डोमेन मोफत, दरमहा फक्त ९९ रुपये’ असा त्यावरचा मजकूर होता. तुळशीची लग्ने जवळ आली की अशी पत्रके वाढतात, कारण त्याच सुमारास आमच्यापैकी अनेकांना आपल्या कामाचा पोर्टफोलिओ नेटवर असावा असे वाटू लागते. पत्रकात खोटे काही असेल असे मी म्हणत नाही. मात्र होस्टिंग, म्हणजे वेबसाइट ठेवण्यासाठी नेटवरची भाड्याची जागा, घेण्यापूर्वी जे विचारायला हवे, त्यातले जवळपास काहीच त्यात नव्हते, आणि ते न विचारल्याची किंमत मी स्वतः मोजलेली असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

मी सोलापुरात २२ वर्षे छायाचित्रणाचा व्यवसाय करतो. लग्ने, पूर्व भागातील कारखान्यांच्या चादरी आणि टॉवेल यांची कॅटलॉगसाठी लागणारी छायाचित्रे, आणि सवड मिळेल तेव्हा नान्नजच्या माळरानावरचे काळवीट आणि लांडगे, असे माझे काम आहे. नऊ वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका हुशार मुलाने मला वेबसाइट करून दिली. डोमेन, म्हणजे वेबसाइटचे नाव, त्याने स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या खात्यातून नोंदवले. मला त्यात काही वावगे वाटले नाही. उलट आपला व्याप वाचला याचेच समाधान वाटले. पुढे तो नोकरीसाठी पुण्याला गेला, त्याने तो ईमेल पत्ता वापरणे सोडून दिले आणि नूतनीकरणाच्या साऱ्या सूचना त्या ओस पडलेल्या पत्त्यावर जमा होत राहिल्या. एके दिवशी कलबुर्गीहून एका वधूपित्याचा फोन आला, ‘साहेब, तुमच्या कार्डावरचा पत्ता टाकला तर भलत्याच जाहिराती उघडतायत. धंदा बंद केलात का?’ त्या वेळी तोच पत्ता छापलेली दीड हजार कार्डे माझ्या टेबलाच्या खणात होती.

‘डॉट कॉम’ नावाची मुदत संपली म्हणून ते त्याच दिवशी हातचे जाते असे नाही. नोंदणी करणारी कंपनी साधारणपणे काही आठवडे नेहमीच्या दराने नूतनीकरण करू देते, नंतरच्या ३० दिवसांत जबर शुल्क भरून नाव सोडवून घेता येते आणि त्यापुढे ५ दिवसांनी ते मागेल त्याला मिळते. मला कळले तोवर ही सगळी मुदत उलटून गेली होती. त्या मुलाला मी बोल लावत नाही. दुकान माझे आणि पाटी त्याच्या नावावर, ही व्यवस्था मीच चालू दिली होती.

नवी पेठेत दुकान थाटणारा माणूस गाळा भाड्याने घेतो, पण दुकानाचे नाव कोणाकडून भाड्याने घेत नाही. डोमेन हे नाव आहे आणि होस्टिंग हा गाळा. दोन्ही एकाच ठिकाणी ‘मोफत’ मिळत असले तरी मी आता ती दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडे ठेवली आहेत. असे केले की गाळा आवडेनासा झाल्यावर डोमेनच्या खात्यात नेम सर्व्हर (नाव कोणत्या गाळ्याकडे न्यायचे ते सांगणारी नोंद) तेवढे बदलायचे असतात, नावाला हात लागत नाही. शिवाय मोफत डोमेन बहुधा पहिल्या वर्षापुरतेच मोफत असते, आणि नव्याने नोंदवलेले ‘डॉट कॉम’ नाव पहिले ६० दिवस दुसऱ्या कंपनीकडे हलवता येत नाही, हेही पत्रकात कोणी छापत नाही. डोमेनचे खाते स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर असावे. खात्याला जोडलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा, कारण नाव बंद पडले की तो ईमेलही बंद पडतो आणि ‘आपले नाव बंद पडले आहे’ हे सांगणारे पत्रही आपल्यापर्यंत पोहोचत नाही. आपल्या लिपीतल्या ‘डॉट भारत’ पत्त्याची सोय २०१४ पासून आहे आणि पाटी देवनागरीत असावी ही हौस मलाही होती; पण हैदराबाद आणि कलबुर्गीकडच्या ग्राहकांना तो पत्ता टाइप करणे जड जाते, म्हणून मुख्य पत्ता रोमन ठेवावा लागला.

आता दराविषयी. दरमहा ९९ रुपये हा दर बहुतेक वेळा तीन वर्षांचे पैसे एकरकमी भरणाऱ्यालाच मिळतो. मी दुसऱ्या खेपेला घेतलेल्या होस्टिंगच्या बिलांचाच हिशोब सांगतो. ३६ महिन्यांचे ३,५६४ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे सुमारे ४,२०६ रुपये मी भरले. तीन वर्षांनी नूतनीकरणाचा दर दरमहा ३४९ निघाला आणि करासह १४,८२६ रुपयांचे बिल हातात पडले. हा दर त्यांनी लपवला होता असे म्हणता येणार नाही, कारण पैसे भरण्याच्या पानावर अगदी तळाशी फिकट अक्षरांत तो लिहिलेला होता. मी तिथपर्यंत खाली गेलोच नव्हतो. तेव्हा एखादी सेवा स्वस्त की महाग हे पहिल्या बिलावरून ठरवू नये. पहिले आणि दुसरे बिल यांची बेरीज करून तिला सहाने भागावे आणि वर्षाला येणारा तो आकडा दुसऱ्या कंपनीच्या तशाच आकड्याशी ताडून पाहावा.

‘अमर्यादित जागा’ हा शब्द तर आम्हा छायाचित्रकारांसाठीच घडवलेला वाटतो. शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर, म्हणजे कंपनीच्या एकाच संगणकावर, शेकडो वेबसाइट नांदत असतात. तेव्हा जागेवर मर्यादा घातली नाही तरी फाइलींच्या संख्येवर ती असतेच, आणि तिला त्या लोकांच्या भाषेत आयनोड म्हणतात. एक साधे उदाहरण पाहू. वेबसाइट चालवण्याच्या वर्डप्रेस या प्रणालीवर ६,००० पिक्सेल रुंदीचे एक छायाचित्र चढवले की मूळ फाइल राहतेच, शिवाय २,५६० पिक्सेलची एक प्रत तयार होते, आणि २,०४८, १,५३६, १,०२४, ७६८, ३०० व १५० पिक्सेलच्या आणखी सहा. म्हणजे आपण एक फोटो टाकला असे समजतो तेव्हा सर्व्हरवर आठ फाइली जमा झालेल्या असतात, आणि थीमने, म्हणजे वेबसाइटच्या मांडणीच्या साच्याने, स्वतःचे आकार जोडले असतील तर त्याहूनही अधिक. हजार फोटोंचा पोर्टफोलिओ सहज आठ हजार फाइलींचा होतो. अर्थात मुळात पोर्टफोलिओत हजार फोटो असावेत का, हा वेगळा प्रश्न आहे. ज्याला आपली चाळीस उत्तम छायाचित्रे निवडता येत नाहीत, त्याची अडचण होस्टिंगची नाही, असे माझे मत आहे आणि ते काही मित्रांना आवडत नाही. ‘ग्राहकांची पूर्ण डिलिव्हरीही इथेच ठेवा’ असे पत्रके सुचवतात, ते मात्र करू नये. अनेक शेअर्ड योजनांच्या अटींत ही जागा फाइली साठवून ठेवण्यासाठी नाही असे स्पष्ट लिहिलेले असते आणि त्या आधारावर खाते थांबवता येते.

वेगाची गोष्ट एका प्रसंगावरून मला उमगली. होटगी रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात जेवणाच्या पंगतीशेजारी उभ्या उभ्या मी मुलीच्या मामांना माझी वेबसाइट त्यांच्याच फोनवर उघडून दाखवत होतो. पहिला फोटो वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरू लागला. आधी मांडवाची झालर दिसली, मग मुंडावळ्या दिसल्या, आणि नवरीचे डोळे दिसण्याच्या आत मामांनी ‘सावकाश बघतो’ म्हणून फोन खिशात टाकला. त्या दिवशी मी सर्व्हरला शिव्या दिल्या, पण दोष निम्माच त्याचा होता. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची पूर्ण जेपेग फाइल साधारण ८ ते १२ एमबीची असते. अशा वीस फाइली एका पानावर ठेवल्या तर ते पान दोनशे एमबीच्या आसपास जाते. तेच फोटो लांब बाजू २,०४८ पिक्सेल ठेवून निर्यात केले तर प्रत्येकी साधारण अर्ध्या एमबीत बसतात आणि फोनवर फरक ओळखू येत नाही. उरलेला निम्मा दोष सर्व्हरच्या ठिकाणाचा होता. माझे ग्राहक सोलापूर, पुणे, विजापूर आणि हैदराबादचे, आणि वेबसाइट अमेरिकेतल्या सर्व्हरवर. मुंबईत मोठी डेटा सेंटर, म्हणजे असे सर्व्हर ठेवण्याची केंद्रे, आहेत. सर्व्हर तिथला निवडता येतो का, किंवा फोटोंच्या प्रती निरनिराळ्या शहरांत ठेवणारी सीडीएन सेवा योजनेत धरलेली आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारता येते.

ज्यांचे काम मालाच्या छायाचित्रणाचे आहे त्यांनी रंगाची चाचणीही घ्यावी. एका चादर कारखानदाराने मला विचारले होते की त्याचा किरमिजी रंग वेबसाइटवर विटलेला का दिसतो. मी फोटो अ‍ॅडोबी आरजीबी या अधिक विस्तृत रंगव्यवस्थेत निर्यात केले होते आणि वेबसाइटची यंत्रणा फोटो लहान करताना त्यातली रंगाची माहिती काढून टाकत होती. तेव्हापासून नेटसाठीचे सर्व फोटो मी एसआरजीबी या नेटवरच्या नेहमीच्या रंगव्यवस्थेतच काढतो. फोटोत दडलेली काही माहिती निघून गेलेलीच बरी, हेही खरे. मोबाइलला जोडलेला कॅमेरा फोटोत ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही नोंदवू शकतो, आणि लांडग्याच्या बिळाचा पत्ता आपल्या वेबसाइटवरून जगाला कळावा असे कोणालाच वाटणार नाही.

वेबसाइटचा पत्ता ‘https’ ने सुरू होण्यासाठी लागणाऱ्या सुरक्षा प्रमाणपत्रासाठी वेगळे पैसे मागणाऱ्याला सरळ नकार द्यावा. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते आणि चांगले होस्टिंग ते आपोआप बसवते. बॅकअपच्या बाबतीत मात्र थोडे खोलात विचारावे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या युरोपातील मोठ्या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात असल्याने जळाले. ‘रोज बॅकअप घेतो’ एवढ्या उत्तराने समाधान मानू नये. तो कुठे ठेवतात आणि मला स्वतःला तो उतरवून घेता येतो का, हे विचारावे. मी दर महिन्याला तो उतरवून स्टुडिओतल्या हार्ड डिस्कवर ठेवतो.

ज्यांना या साऱ्यात पडायचे नाही त्यांच्यासाठी विक्स आणि स्क्वेअरस्पेससारख्या तयार सेवा आहेत आणि त्या वाईट नाहीत. त्यांच्या साच्यांतली मांडणी अनेकदा आमच्या हातच्या मांडणीपेक्षा सुबक दिसते. फक्त विक्सवर उभारलेली वेबसाइट जशीच्या तशी उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही, हे घेतानाच माहीत असावे. वर्डप्रेस मुक्त प्रणाली असल्याने तिचे बिऱ्हाड हलवता येते, पण तिची झाडलोट आपल्यालाच करावी लागते. फोटोशॉप आणि लाइटरूमचे वर्गणीदार असलेल्या अनेकांना त्याच वर्गणीत अ‍ॅडोबी पोर्टफोलिओ मिळतो हे ठाऊकच नसते. आपले डोमेन त्याला जोडता येते, आणि तीस-चाळीस फोटोंच्या पोर्टफोलिओला तेवढे पुष्कळ होते.

‘इन्स्टाग्राम असताना हे सारे कशाला?’ असे तरुण सहकारी विचारतात. नवा ग्राहक तिथूनच येतो, हे मान्य. पण गूगलची पिकासा ही फोटोंची सेवा २०१६ मध्ये बंद झाली, फ्लिकर या फोटोंच्या साइटने २०१३ मध्ये दिलेली एक टेराबाइट मोफत जागा मागे घेऊन २०१९ पासून मोफत खात्याला १,००० फोटोंची मर्यादा घातली, आणि गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून थांबली. दुसऱ्याच्या ओट्यावर बसताना तो केव्हा उठवील याची कल्पना असलेली बरी.

कायद्याची एक बाबही होस्टिंगच्या निवडीशी जोडलेली आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढून घेतले आणि वेगळा करार नसला, तर त्या छायाचित्राचा पहिला हक्क ते काढवून घेणाऱ्या ग्राहकाचा असतो. लग्नाचे फोटो पोर्टफोलिओत लावण्याची परवानगी म्हणूनच ऑर्डरच्या कागदावरच घ्यावी, आणि ज्या कुटुंबाला ते जगजाहीर नको असतील त्यांच्यासाठी पासवर्डची गॅलरी करता येईल अशीच सेवा घ्यावी.

आपल्याकडे माझी विनंती एवढीच आहे की, अशा सेवांच्या जाहिराती स्वीकारताना सुरुवातीच्या दराशेजारी नूतनीकरणाचा दरही तेवढ्याच ठळक टाइपात छापावा, असा आग्रह आपल्या जाहिरात विभागाने धरावा. माझ्यापुरती मी एक व्यवस्था केली आहे. लग्नाच्या तारखा पाहण्यासाठी आपल्या सोलापूरचे दाते पंचांग आमच्या टेबलावर बारा महिने असतेच. त्याच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला डोमेनची आणि होस्टिंगची मुदत संपण्याची तारीख मी दरवर्षी लाल शाईने लिहून ठेवतो.

आपला,
एक छायाचित्रकार,
सोलापूर