पाटावरून उठता येतं का, ते विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत चाळिशीनंतरच्या फिटनेसवर अख्खं पान आलंय ते वाचलं. त्यात वजन, सुटलेलं पोट, दहा हजार पावलं, सकाळचं लिंबूपाणी सगळं आहे, पण एक गोष्ट नाहीये आणि ती मला आमच्याच घरच्या सत्यनारायणात कळली, म्हणून हे पत्र.

मी 51 ची, पतपेढीत कॅशियर, म्हणजे दिवसभर खुर्ची. तरी स्वतःला फिट समजायचे बरं का, कारण आठ महिने रोज सकाळी स्टेडियमवर फेऱ्या, मनगटावर लेकीने दिलेलं घड्याळ, दहा हजार झाले की ते थरथरतं आणि वाटतं चला, आजचं पुण्य पदरात पडलं. तीन किलो उतरलेही होते. तर पूजेला दीड तास पाटावर बसले, आरतीची वेळ झाली आणि मला उठताच येईना! गुडघा दुखत नव्हता, मुंग्या आल्या नव्हत्या, मांड्यांत जोरच नव्हता. हात टेकला तरी नाही, मग हाताला लागेल ते धरलं आणि तो निघाला चौरंगाला बांधलेला केळीचा खुंट. चौरंग हलला, कलशावरचं तांदळाचं ताम्हन कलंडलं, बाळकृष्ण निघालेच होते खाली, नणंदेने वरच्यावर झेलले म्हणून वाचले. आणि गुरुजी? सत्तरी ओलांडलेले, श्रावणात दिवसाला चार-चार पूजा, प्रत्येक घरी मांडी घाला, उठा, परत बसा. ते हात न टेकता कधीच उभे राहिले होते आणि निरांजन घेऊन माझी वाट बघत होते.

दुसऱ्या दिवशी भाचीच्या मैत्रिणीला फोन केला, ती फिजिओ आहे. ती म्हणाली काकू, हात छातीशी धरा, खुर्चीवरून पूर्ण उठा, पूर्ण बसा, 30 सेकंदात किती वेळा जमतं ते मोजा. मला 9 जमले. मग तिने सांगितलं की 60 ते 64 वयाच्या बायकांना 12 च्या खाली आले तर ते कमी धरतात. मी 51 ची! आमचे हे शेजारी बसून हसत होते, त्यांना करायला लावलं तर 10.

तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण 3 ते 8 टक्के स्नायू कमी होत जातात म्हणे, आणि बायकांचं पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन उतरलं की हाडंही ठिसूळ व्हायला लागतात. सपाट मैदानावर चालून हार्टला, शुगरला फायदा होतोच, त्याला नाही म्हणत नाही मी, पण मांड्यांना आणि दंडांना त्याने फारसा जोर लागतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांत आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय आणि त्याच्याच जोडीला आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. पहिला भाग सगळे छापतात, दुसरा जातो कुठे? आणि ते दहा हजार पावलांचं, तो आकडा 1965 साली जपानमध्ये निघालेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय, कुठल्या डॉक्टरने मोजूनमापून ठरवलेला नाही. हे कळल्यावर मला घड्याळाचा रागच आला.

माझी आजी कुठे जिमला गेली होती, पण विळी जमिनीवर, चूल जमिनीवर, जेवण जमिनीवर, दिवसातून पंचवीस-तीस वेळा उठबस व्हायची तिची. आपण ओटा केला, डायनिंग टेबल आणलं, कमोड बसवला, पंगत जाऊन बुफे आला. सोय झाली, मला काही परत चुलीशी बसायचं नाहीये, पण त्या उठबशीच्या जागी दुसरं काही आलंच नाही ना. वास्तविक आमच्या सातारा जिल्ह्यातल्याच औंधच्या पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले होते, आणि एका नमस्कारात मांड्या, दंड, पाठ सगळं कामाला लागतं. आम्ही मात्र रथसप्तमीला फोटोपुरते घालतो. मी घालून बघितले तर तिसऱ्यालाच धाप.

आता आठवड्यातून तीनदा खुर्चीची उठबस, भिंतीला हात लावून जोर आणि पाच किलोची तांदळाची पिशवी छातीशी धरून जिना, एवढंच करते. शेजारीण म्हणते दंड फुगतील हो, पुरुषासारखे दिसाल. अहो, फुगले तर पेढे वाटीन! तीन महिन्यांत 9 चे 15 झालेत. खाण्याचंही बघायला पाहिजे, 60 किलोच्या बाईला दिवसाला 50 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन लागतं आणि आमचं काय चालतं तर सकाळी पोहे, गुरुवारी साबुदाणा, चतुर्थीला परत साबुदाणा.

एक तक्रारही आहे, जमलं तर छापा. आमच्या भागातल्या बागेत ओपन जिम आहे, त्यातली दोन मशीन जाम आणि जी चालतात ती पाय हवेत झुलवायची, त्याने काय जोर येणार? वर बागेला सकाळी नऊला कुलूप. डबे भरून, पोरं शाळेत पोचवून बाई मोकळी होते तेव्हा साडेनऊ वाजलेले असतात, मग तिने जायचं कुठे? जिना लांबला तर वॉचमनदेखील विचारतो, काही हरवलंय का म्हणून.

आणि पुढच्या वेळी पुरवणीत फोटो टाकायचाच असेल तर तो सिक्सपॅकवाला पोरगा नको. आमच्या गुरुजींना विचारून ठेवलंय, ते हो म्हणालेत, फक्त सोमवारी नको, त्या दिवशी पूजा जास्त असतात.

आपली,
एक वाचक, सातारा