घराचं काम अर्ध्यावर असताना आपल्या फर्मची नेमणूक संपवत असल्याबाबत

दिनांक : २१ जून

प्रति,
प्रमुख भागीदार आर्किटेक्ट

विषय : कोथरूड येथील सदनिकेच्या नूतनीकरणातून आपली नेमणूक रद्द करणे, हिशोब व कागदपत्रे मागणे

महोदय,

करारात लिहिल्याप्रमाणे पंधरा दिवसांची नोटीस देत आहे. त्यानंतर आमच्या घराच्या कामाशी आपल्या फर्मचा संबंध राहणार नाही. कारणं तुमच्या सहायकाला चारदा तोंडी सांगून झाली, आता लेखी देते.

आम्ही हौस म्हणून घर उकरलेलं नाही. इमारत १९८८ ची, आमचा तिसरा मजला. यजमानांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, ते वॉकर घेऊन चालतात. पहिल्या भेटीत तुम्ही स्वतः त्यांच्या वॉकरला टेप लावलीत आणि बाथरूमचं दार तीन फुटी, उंबरठा नाही, असं आमच्यासमोर कागदावर काढून दाखवलंत. माणूस योग्य मिळाला, असं मी त्या संध्याकाळी बहिणीला फोन करून सांगितलं होतं. आज तिथे सव्वादोन फुटांची ग्रॅनाइटची चौकट आहे. वॉकर सरळ घातला, तिरका घातला, जात नाही. मिस्त्री म्हणतो, ड्रॉइंग आलंच नाही, फोनवर 'नेहमीची चौकट लावा' असा निरोप आला. निरोप कोणाचा, हे विचारायचं मी सोडून दिलंय.

त्याच बाथरूमचं वॉटरप्रूफिंग. नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी वाहून जाण्याचं तोंड, बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवायचं, खाली ओल उतरते का पाहायचं, मगच फरशी लावायची, हे मला तुमच्याच टेंडरच्या कागदात वाचून कळलं. साइटवर हे कोणी केलं नाही. फरशी लागल्यावर आठव्या दिवशी खालच्या काकूंच्या देवघरावर ओल आली. त्या भांडल्या नाहीत, त्यांनी गुपचूप देव दुसऱ्या खोलीत हलवले. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ठेकेदार स्वखर्चाने फरशी काढून कोबा पुन्हा करतोय, म्हणून ते पैसे तुमच्याकडे मागत नाही. पण या कामाच्या बिलावर 'तपासले' अशी तुमची सही आहे, आणि त्या आठवड्यात तुमच्याकडून कोणी फिरकलं नव्हतं. सोसायटीच्या गेटवरचं रजिस्टर मी स्वतः पाहिलं. नऊ आठवड्यांत तुमच्या तीन फेऱ्या आहेत, त्यातली एक दहा मिनिटांची.

किचन आणि इलेक्ट्रिकची ड्रॉइंग अजून आलेली नाहीत. इलेक्ट्रिशियन भिंतीवर खडूने खुणा करून दोनदा परत गेला. इकडे आम्ही भाड्याच्या घरात दिवस मोजतोय.

आता पैसे. ठरलेली फी २,४०,००० रुपये. त्यातले संकल्पनेचे २० टक्के आणि कामाच्या ड्रॉइंगचे ४० टक्के मी १८ टक्के जीएसटीसह दिले आहेत. संकल्पनेचे पैसे तुमचेच, ते काम चांगलं होतं. ड्रॉइंगच्या ९६,००० पैकी निम्मं कामच मिळालं, तेव्हा ४८,००० अधिक ८,६४० जीएसटी परत येणं आहे. देखरेखीची फी २४ फेऱ्यांची ७२,००० ठरली होती. झालेल्या तीन फेऱ्यांचे ९,००० आणि त्यावरचा १,६२० जीएसटी मी या परतीच्या रकमेतून वजा करते. दहा मिनिटांची फेरीही पूर्ण धरली आहे. उरलेले ४६,०२० रुपये नोटिशीच्या मुदतीत माझ्या खात्यावर जमा करावेत. हिशोबात चूक असेल तर आकड्यांनीच दाखवावी.

झालेल्या सर्व ड्रॉइंगच्या सही-शिक्क्याच्या प्रती आणि संगणकावरच्या कॅड फाइली द्याव्यात. त्यांची फी दिलेली आहे. यापुढे ठेकेदाराला थेट सूचना देऊ नयेत, त्यालाही तसं लेखी कळवलं आहे.

दुसऱ्या आर्किटेक्ट बाई काम हाती घेत आहेत. आर्किटेक्टांच्या व्यावसायिक आचरणाच्या १९८९ च्या नियमांप्रमाणे त्या तुम्हाला तसं पत्र पाठवतील. त्यांना उत्तर लवकर द्यावं, आमच्या साइटवरचे फोन राहिले तसं ते राहू नये. मुदतीत काहीच झालं नाही, तर दिल्लीच्या काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. दोन्हींसाठी फोटो, गेटच्या रजिस्टरच्या प्रती आणि सही केलेलं बिल एका फाइलीत लावून ठेवलं आहे.

घराची एक किल्ली तुमच्या सहायकाकडे आहे. शनिवारी चारनंतर मी साइटवर असेन, तेव्हा ती आणून द्यावी. वॉचमनकडे ठेवू नये.

आपली,
सदनिकाधारक