मांजर उचलून घेणारा मुलगा आणि दिल्लीतली पाच मुलं

मा. संपादक यांस,

गेल्या रविवारच्या पुरवणीत तत्त्वज्ञान म्हणजे खुर्चीत बसून केलेला विचार, मनाचा अभ्यास वेगळा, असं वाचलं आणि अजिबात पटलं नाही. मी ३० वर्षं ज्युनियर कॉलेजात मानसशास्त्र शिकवलंय.

तत्त्वज्ञांचा एक प्रश्न शेवटी मनाच्या अभ्यासातल्या प्रयोगाने कसा तपासला गेला, ते सांगते. डब्लिनच्या विल्यम मॉलिनोने १६८८ मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकसाठी पत्रातून एक प्रश्न पाठवला. त्याची बायको लग्नानंतर लवकरच आंधळी झाली होती, तेव्हा प्रश्न घरातूनच आला असावा असं मला वाटतं. जन्मांध माणूस चाचपून गोळा कुठला आणि चौकोनी ठोकळा कुठला हे सांगतो, मग एकाएकी त्याला दिसायला लागलं तर हात न लावता नुसतं बघून ओळखेल का? लॉककडून उत्तर आलं नाही, मॉलिनोने १६९३ मध्ये परत विचारलं, तेव्हा कुठे लॉकच्या मानवी आकलनावरच्या ग्रंथाच्या १६९४ च्या आवृत्तीत प्रश्न आला. दोघंही म्हणाले, नाही ओळखणार. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ म्हणाला, या दोन वस्तू समोर आहेत हे आधी सांगितलं तर तो विचार करून ओळखेल.

१७२८ मध्ये लंडनचे सर्जन चेसेल्डन यांनी मोतीबिंदू काढलेल्या एका मुलाची हकीकत छापली. त्याला मांजर कुठलं नि कुत्रा कुठला कळेना, विचारायची लाज वाटायची, शेवटी त्याने मांजर उचललं, अंगावरून हात फिरवून ओळखलं आणि मग नीट निरखून बघितलं. वर्गात हे सांगितलं की मुलं एकदम शांत व्हायची.

आणि खरी चाचणी झाली ती आपल्याकडे! मेंदू आणि दृष्टीचे अभ्यासक पवन सिन्हा यांच्या प्रोजेक्ट प्रकाशमध्ये, म्हणजे अंध मुलांवर उपचार करून ती बघायला कशी शिकतात हे अभ्यासणाऱ्या उपक्रमात, दिल्लीत डोळ्यांचं ऑपरेशन झालेल्या ८ ते १७ वर्षांच्या पाच जन्मांध मुलांना लेगोसारखे ठोकळे दिले, २०११ मध्ये निकाल छापून आला. डोळ्यांनी बघून तोच ठोकळा डोळ्यांनीच ओळखायचा तर ९२ टक्के बरोबर, पण हाताने चाचपलेला बघून ओळखायचा तर फक्त ५८, म्हणजे दोनांतला एक निवडायचा असल्यामुळे जवळपास अंदाजच. ज्यांना काही दिवसांनी परत तपासलं ती मात्र बरीच सुधारली होती.

हे सुधारणंच मला महत्त्वाचं वाटतं, कारण माझ्या एका विद्यार्थिनीच्या भावाला जन्मजात मोतीबिंदू होता आणि "आता वय गेलं, ऑपरेशन करून उपयोग नाही" असं सांगून परत पाठवलं होतं. ऑपरेशन लवकर झालेलं चांगलंच, पण उशिरा झालं तरी मुलं बघायला शिकतात हे याच प्रोजेक्टने दाखवलंय. तेवढं आरोग्याच्या पानावर ठळक छापा, गावोगावच्या आईबापांपर्यंत जाऊ दे.

— एक निवृत्त शिक्षिका, सातारा