स्मरणपत्र : २० जून, वळिवडे-गांधीनगर भेट

सभासद मंडळी, नमस्कार.

जागतिक निर्वासित दिनानिमित्तचा आपला कार्यक्रम येत्या शनिवारी, २० जूनला आहे. सकाळी ७.३० वाजता महावीर उद्यानातल्या पोलिश स्मारकापाशी जमायचं. आपल्यातल्या अनेकांनी बागेत रोज फिरूनही ते नीट वाचलेलं नाही, म्हणून सुरुवात तिथूनच.

पुढे कोल्हापूरजवळचं वळिवडे. सोव्हिएत रशियात हद्दपार झालेले पोलिश लोक इराणमार्गे इथं आले. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार जण छावणीत राहिले, त्यांत बायका-मुलंच जास्त. शाळा, चर्च, नाटकं, स्काउट पथक, सगळं त्यांनी उभं केलं. ते गेल्यावर फाळणीत घरदार गमावलेली सिंधी कुटुंबं त्याच जागी आली आणि गांधीनगरची कापडपेठ उभी राहिली. लग्नाचा बस्ता तिथूनच आणणाऱ्या आपण कोल्हापूरकरांनी एवढं तरी जाणून घ्यावं!

नाश्त्याला दाल-पकवान आणि कोकी हे सिंधी पदार्थ आहेत. पिएरोगी, म्हणजे बटाटा-चीज भरलेल्या उकडलेल्या करंज्या, आपल्याच दोन सभासद करून आणणार आहेत. चव कशीही असो, संपवायच्या.

गांधीनगरातली ज्येष्ठ मंडळी सिंधी गाणी म्हणणार आहेत. न विचारता चित्रीकरण नको आणि फाळणीच्या आठवणी खोदून खोदून विचारू नका. सांगावंसं वाटलं तर ते सांगतील.

नावं गुरुवारी रात्रीपर्यंत द्या, ऐनवेळी गाडीत जागा मिळणार नाही. छत्री आणाच.

– कार्यवाह