जलसंपदामंत्र्यांना खुले पत्र: श्वेतपत्रिकेत टेलचं शेत दिसू द्या

मा. जलसंपदामंत्री, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

सिंचनावर वाद झाला की श्वेतपत्रिकेची मागणी होते. ती जरूर काढा. पण त्याआधी २०१२ ची एकदा उघडून पाहा.

त्या वर्षी आर्थिक पाहणीत आकडा आला: दहा वर्षांत सिंचित क्षेत्र जेमतेम ०.१ टक्क्याने वाढलं. गदारोळ झाला, तेव्हाचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी श्वेतपत्रिकेची घोषणा केली आणि नोव्हेंबरअखेर ती निघाली. तिच्यात मात्र वाढ कितीतरी मोठी. सरकार तेच, जमीन तीच, हिशेब दोन! मग जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांची चौकशी समिती बसवावी लागली.

'निर्मित सिंचन क्षमता' म्हणजे धरण-कालव्यांवर किती रान भिजू शकेल तो आकडा. 'प्रत्यक्ष सिंचित क्षेत्र' म्हणजे किती भिजलं. माझं शेत टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला; ते या दोन शब्दांच्या मधे अडकलंय. चारी, म्हणजे कालव्याचा लहान फाटा, बांधाला लागून जाते, पाणी मागणीचा सात नंबरचा अर्ज दरवर्षी भरतो, पण आवर्तनाचं, म्हणजे पाळीने सोडलेलं, पाणी वरच्या शेतांच्या दारांवरच संपतं. चारीच्या तोंडाशी पाणी मोजायची पट्टी आहे. तिचे आकडे इतके पुसलेत की बोट फिरवून वाचावे लागतात. हरभरा भिजतो तो माझ्या विहिरीवर. कागदावर मी लाभक्षेत्रातच.

श्वेत शब्दामुळे आपल्याकडे वाटतं, हा कागद निघाला की सगळं स्वच्छ झालं. रंगाचा तसा काही संबंध नाही. ब्रिटिश संसदेत जाड अहवालांना निळं वेष्टन असे, ती ब्लू बुकं. लहान अहवाल पांढऱ्या कागदातच निघत, ते व्हाइट पेपर. त्यांना वजन आलं ते सरकार आपल्या नावाने माहिती आणि धोरण मांडतं म्हणून. म्हणजे त्यातल्या आकड्यामागे सरकारनं स्वतः उभं राहायचं असतं.

म्हणून मागणी एवढीच: नव्या श्वेतपत्रिकेत क्षमता आणि प्रत्यक्ष भिजलेलं क्षेत्र शेजारी-शेजारी छापा, चारीनिहाय. विहिरीवर भिजलेलं रान कालव्याच्या खात्यात घालू नका, वेगळं दाखवा. आकडा कुणी, कधी, कसा मोजला तेही लिहा. पाणी पोहोचलंच नसेल तर तिथे शून्य लिहा. ते शून्य आम्हाला खोट्या हेक्टरांपेक्षा जास्त उपयोगाचं आहे, कारण ते दाखवून चारीच्या दुरुस्तीचे पैसे तरी मागता येतील.

रब्बीचं आवर्तन सुटेल तेव्हा मोजणीला माणूस पाठवा. मी टेलला उभा असेन.

आपला,
लाभक्षेत्रातला एक शेतकरी