पट्टा कसा धरावा हे शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

हे पत्र जाहीरपणे लिहिण्याची परवानगी आपण दिलीत, मात्र त्यात आपले नाव येऊ नये अशी अटही घातलीत. ती अट पाळायची म्हणून कॉलेजचे नावही लिहीत नाही. शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांतील एका कम्युनिटी कॉलेजात, रुग्णालयातील नोकरीतून निवृत्त झाल्यानंतर, आपण अर्धवेळ शिकवत होतात, एवढी ओळख पुरेशी आहे. वर्गातले सगळे आपल्याला नावाने हाक मारत. मला ते कधी जमले नाही, म्हणून इथेही ‘बाई’च लिहिते. पत्र उघड लिहिण्याचे कारण असे, की नवऱ्याच्या नोकरीमागे या देशात आलेल्या आणि हातात पदवी असून घरी बसलेल्या कितीतरी मराठी मुलींना आपण मला दिलेला सल्ला मिळालेला नाही.

मी अमरावतीची. १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून आले होते. त्याच मंडळाच्या महाविद्यालयातून मी शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि काही काळ शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून कामही केले. ज्यांच्या जोडीदाराचा ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत मंजूर झाला आहे, अशा एच-४ व्हिसाधारकांना (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या नवऱ्या-बायकोंना) मे २०१५ पासून नोकरीची परवानगी मिळू लागली. पुढे ती मलाही मिळाली. परवानगी आली तरी इथे माझ्या पदवीचे काय करायचे हे कोणालाच सांगता येत नव्हते. एक खासगी संस्था शनिवार-रविवारच्या शिकवणीत ‘फिटनेस ट्रेनर’ करून देण्यास तयार होती, आणि तिचे माहितीपत्रक पर्समध्ये ठेवूनच मी आपल्याला भेटले.

आपण ते पत्रक शेवटपर्यंत वाचलेत आणि मग जे सांगितलेत, त्यात कोणतीही गोष्ट गोड करून सांगितली नाहीत. व्यायाम प्रशिक्षकाला अमेरिकेत राज्याचा परवाना लागत नाही, त्यामुळे प्रमाणपत्र कोणीही छापू शकतो. चांगली व्यायामकेंद्रे आणि रुग्णालये मात्र अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन किंवा अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइझ यांसारख्या मान्यताप्राप्त संस्थांची परीक्षा दिली आहे का ते पाहतात, आणि त्यासाठी सीपीआरचे, म्हणजे हृदय बंद पडल्यास करायच्या प्रथमोपचाराचे, चालू प्रमाणपत्र लागतेच. फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट, म्हणजे व्यायामोपचार करणाऱ्या थेरपिस्टची मदतनीस, व्हायचे असेल, तर मान्यताप्राप्त कॉलेजातून दोन वर्षांची असोसिएट पदवी, मग राष्ट्रीय परीक्षा, मग राज्याचा परवाना असा रस्ता आहे; जागा थोड्या असतात, शरीररचना आणि शरीरक्रियेचे विषय आधी चांगल्या गुणांनी पूर्ण करावे लागतात, आणि एवढे झाल्यावरही रुग्णाची तपासणी करून उपचार ठरवण्याचा अधिकार थेरपिस्टचाच राहतो. नर्सिंगबद्दल आपण सांगितलेत, की दोन वर्षांची असोसिएट पदवी घेणारी आणि चार वर्षांची पदवी घेणारी अशा दोघीही परवान्यासाठी एकच एनक्लेक्स परीक्षा देतात. बढती आणि मोठ्या रुग्णालयांतील नोकऱ्यांचा प्रश्न येतो तेव्हा मात्र फरक पडतो. नर्सिंग असिस्टंटचे काम पगाराने सगळ्यांत खालचे आणि पाठीला सगळ्यांत जड, हेही आपण स्पष्ट सांगितलेत. तरीही सुरुवात तिथून कर, असे म्हणालात, कारण माणसाच्या शरीराला हात लावायचा तुला धीर आहे की नाही, हे दोन वर्षांची फी भरण्याआधी कळलेले बरे.

हा सल्ला मला जिथे मिळाला त्या ठिकाणाचाही यात वाटा आहे. ज्यांना गाव सोडून दूरच्या विद्यापीठात जाता येत नाही त्यांच्यासाठी १९०१ साली इथल्याच जोलिएट गावी ज्युनिअर कॉलेज सुरू झाले आणि ते देशातले पहिले सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज ठरले, हे आपण पहिल्याच तासाला सांगितले होते. आमच्या वर्गात हायस्कूलमधून नुकतीच बाहेर पडलेली पोरे होती, गोदामातली नोकरी गेलेला एक पन्नाशीचा गृहस्थ होता, आणि मेक्सिको, पोलंड, फिलिपिन्स इथून आलेल्या बायका होत्या. वयावरून किंवा उच्चारावरून कोणाला ओशाळे वाटावे असे तिथे काही घडले नाही.

नर्सिंग असिस्टंटच्या प्रशिक्षणासाठी संघराज्याच्या कायद्याने किमान ७५ तास ठरवून दिलेले आहेत. आमच्या इलिनॉय राज्यात आम्हाला १२० तास करावे लागले, ८० वर्गात व प्रयोगशाळेत आणि ४० प्रत्यक्ष वृद्धांच्या शुश्रूषाकेंद्रात. त्यांतला चालण्याच्या आधारपट्ट्याचा तास मला अक्षरशः पाठ आहे. जाड विणीचा सुती पट्टा, धातूचे दातेरी बकल. तो कपड्यांवरून कमरेला बांधायचा आणि आत आपली बोटे सपाट सरकतील इतकाच सैल ठेवायचा. आधी चाकाच्या खुर्चीचे ब्रेक लावायचे, पाय ठेवण्याच्या फळ्या बाजूला करायच्या, रुग्णाची पावले जमिनीवर टेकवून गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायची. मग त्याला पुढे झुकायला सांगायचे, नाक पावलांच्या वर येईपर्यंत, आणि तीन म्हटले की त्याने उठायचे. नवशिक्याला अशा वेळी पट्ट्याला धरून माणसाला वर खेचण्याचा मोह होतो. आपण सगळ्यांना थांबवून म्हणालात, “उचलायचं नाही. त्यालाच उठू दे. तू फक्त त्याला पडू देऊ नकोस.” ज्या मैदानावर मी वाढले तिथे स्वतःचे वजन पेलायला शिकवतात, दुसऱ्याला त्याचे वजन त्याचे त्यालाच पेलू देणे ही वेगळी विद्या आहे, आणि ती मला आपल्याकडून मिळाली. अर्धांग झालेल्या माणसाला सदरा घालताना बाही आधी दुबळ्या हातात घालावी आणि काढताना आधी धड हातातून काढावी, खोलीत जाताना दार वाजवावे, पडदा ओढल्याशिवाय पांघरूण दूर करू नये, हे सारे त्याच विद्येत येते.

एका गोष्टीबद्दल मराठीत फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून ती इथे मुद्दाम लिहिते. परक्या माणसाची घाण काढण्याचे काम आपल्या समाजाने कोणाच्या माथी मारले, हे आपल्याला आणि मला दोघींनाही पुरते ठाऊक होते. मुंबईत आपण नर्सिंगला गेलात तेव्हा घरातली वडीलधारी बाई आपल्या हातचे पाणी घेत नसे, हे आपण मला शुश्रूषाकेंद्राच्या पहिल्या दिवसाआधी पार्किंगमध्ये उभ्या उभ्या सांगितलेत. त्यावर कुठलेही भाष्य केले नाहीत, लगेच हातमोज्यांचे माप विचारलेत. आतमध्ये मात्र एका आजींना स्वच्छ करताना पाणी कोमट आहे का हे त्यांनाच विचारायचे, समोरून मागे असेच पुसायचे, दर वेळी कापडाची नवी बाजू घ्यायची आणि पाठीवर लाल चट्टा दिसला तर लगेच नर्सला कळवायचे, अशी एकेक पायरी आपण माझ्या शेजारी उभे राहून करून घेतलीत. त्या कामात किती ज्ञान आहे, हे तिथे कळले. घरी मी ‘हॉस्पिटलात’ नेमके काय करते, हे सासूबाईंना फोनवर सांगायला मला पुढे जड गेले नाही.

पदवीचे मूल्यांकन करून घे, पण शरीररचनेचा अभ्यास जुना झाला म्हणून तो पुन्हा करायला लावतील, ही आपली भविष्यवाणी खरी ठरली. तो अभ्यास मी वैतागून करत असताना आपण ग्रंथालयात माझ्याजवळ बसलात, हे आपल्या कामाचा भाग नव्हते आणि त्या तासांचे आपल्याला कोणी पैसे दिले नाहीत. अर्धवेळ शिक्षकांच्या जिवावर ही कॉलेजे किती चालतात, हे मला त्यानंतर दिसू लागले.

आता मी परवानाधारक थेरपिस्ट असिस्टंट आहे. बहुतेक रुग्ण गुडघा किंवा खुबा बदललेले असतात. शनिवारी एका ज्येष्ठांच्या केंद्रात खुर्चीवरच्या व्यायामाचा वर्ग घेते. तिथे सुरुवातीला आणि काही आठवड्यांनी हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत किती वेळा उठून उभे राहता येते, ते मोजतो. एका आजोबांना पहिल्यांदा हातांचा आधार घेतल्याशिवाय एकदाही उठता आले नव्हते. गेल्या खेपेला त्यांनी सहाचा आकडा स्वतःच्या हाताने वहीत लिहिला, आणि सातवा अर्धा झाला होता तोही धरा म्हणून माझ्याशी वाद घातला. नियमाने तीस सेकंद संपताना माणूस निम्म्याहून अधिक उठलेला असेल तर ती खेप धरतात. ते तितके उठले होते की नाही, यावर वर्गात अजून एकमत नाही.

आपण दिलेल्या स्नायूंच्या तक्त्यांच्या प्रती काढून मी इथल्या मराठी मंडळातल्या दोघींना दिल्या आहेत. त्यांतली एक अकोल्याची आहे, तिने या सत्रात शरीररचनेच्या वर्गात नाव घातले असून दंडाच्या मज्जातंतूंच्या जाळ्यापाशी ती अडली आहे. ते आपल्याइतके सोपे करून मला सांगता येत नाही, म्हणून आपला फोन नंबर तिला द्यावा का, एवढे कळवावे. ती रविवारी दुपारनंतर मोकळी असते.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपली विद्यार्थिनी